वरच्या माणसाची सुट्टी

१

नळाचं काम एकट्याचं नव्हेच. ज्याला वाटत असेल त्यानं एकदा करून पाहावं, कंबर चार दिवस आठवण देत राहते. खाली न्हाणीघरात एक माणूस लागतो आणि वर गच्चीवर टाकीजवळ एक. खालच्यानं तोटी खोलायची, तोवर वरच्यानं पाण्याची चावी बंद ठेवायची. खालच्यानं सोड म्हटलं की सोडायची. पण म्हणणार कसं? मध्ये दोन मजल्यांचा दगड-चुना. ओरडून ओरडून घसा बसतो आणि वर काही म्हणजे काही ऐकू जात नाही.

म्हणून राजापेठेतले नत्थुजी आणि त्यांचे जोडीदार खुशालराव पाइपावर पान्यानं ठोकून बोलायचे. एक ठोका म्हणजे बंद कर. दोन म्हणजे सोड. वरच्यानं तितकेच ठोके परत द्यायचे, तेव्हाच खालच्यानं हात घालायचा. आणि दुपारी चार सावकाश ठोके म्हणजे सुट्टी, जा, जेवून ये. ही सुट्टी मिळाल्याशिवाय वरच्यानं जागा सोडायची नाही, मग डोक्यावर वैशाख का तापेना. एकदा नत्थुजी ती द्यायला विसरले, तर खुशालराव दिवस मावळेपर्यंत टाकीला टेकून उन्हात बसून होते. खाली आले ते डोळे लाल करून, आणि चार दिवस तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून नत्थुजी विसरले नाहीत.

सव्वीस वर्षं हे चाललं. मग गेल्या दिवाळीत खुशालरावांना लकवा झाला आणि त्यांची लेक त्यांना अचलपूरला घेऊन गेली. माणूस जिवंत आहे, पण उजवा हात गेला. नत्थुजी एकटे पडले. खाली तोटी खोला, मग वर चढा, चावी पाहा, मग परत खाली उतरा. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा धरलेला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माणसाचं पार भरीत झालेलं असायचं.

२

सन चौतीसच्या वैशाखात क्याम्पातल्या बापूसाहेब वकिलांनी त्यांना बोलावलं. बापूसाहेबांनी एका कापूसवाल्या गोऱ्या साहेबाचा बंगला घेतला होता. साहेब पाच वर्षांपूर्वीच विलायतेला गेला, बंगला तोवर कुलपात. बाकी घर झाडून-पुसून झालं, पण खालच्या मजल्याचं न्हाणीघर तसंच राहिलं होतं.

"हे पाहा नत्थुजी," बापूसाहेब दार ढकलत म्हणाले.

चार लोखंडी पंजांवर उभा असलेला पांढरा टब. भिंतीला हिरव्या काठाच्या फरशा. तोंड धुवायचं चिनी मातीचं भांडं. पितळेच्या तोट्या, त्यांच्या डोक्यावर चिनी मातीच्या चकत्या, एक निळी, एक लाल. सगळ्यांवर हिरवा गंज. तोट्यांमधली चामड्याची वायसरं वाळून पापडासारखी झालेली. आणि वास, बंद हौदाचा असतो तसा गार, मातकट.

"आपल्याच मळाच्या पाण्यात बसून आंघोळ करायची म्हणे," बापूसाहेबांच्या घरच्या गोदावरीबाई दारातूनच म्हणाल्या. "मी तर बाई मागच्या मोरीतच नहाणार."

बापूसाहेब हसले. मग नत्थुजींकडे वळून म्हणाले, "सोमवारी व्याही येतात पुण्याचे. त्याआधी हे चालू पाहिजे. शनिवारपर्यंत तुमचं काम झालं, तर रविवारी मी अकोल्याला जाऊन येईन. माझे साडू तिथं डोळ्यांचे डॉक्टर आहेत, ठाऊक आहे ना? तुमच्या घरच्यांनाही बरोबर घ्या. मी त्यांच्याकडे शब्द टाकला आहे. मोतीबिंदू काढून देतील. पण हे काम राहिलं तर माझंही जाणं राहील, सांगून ठेवतो."

नत्थुजींच्या घरच्या, म्हणजे जयवंताबाईंना, दीड वर्षापासून दिसत नव्हतं. आधी सुईत दोरा जाईना, मग चुलीतला जाळ दिसेना, आणि आता नुसता धुरकट उजेड. दिवसभर त्या घरात एकट्या.

"होते जी शनवारपावतो," नत्थुजी म्हणाले. कसं होणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

३

पहिला दिवस बुधवार. गच्चीवर जायला बाहेरच्या अंगानं लोखंडी फिरता जिना होता, न्हाणीघराच्या मागच्या दारापासून वर जाणारा. बत्तीस पायऱ्या, आणि उन्हात अशा तापलेल्या की वाहाणेतूनही चटका लागावा. नत्थुजींनी वर जाऊन टाकी उघडली. वडाळीच्या तलावाचं पाणी कालच भरून ठेवलं होतं. चावी बंद केली, बत्तीस पायऱ्या उतरले, वाहाणा मागच्या दाराबाहेर सावलीत काढल्या, आणि निळी तोटी खोलायला बसले.

तोटी काही सुटेना. घासलेट घातलं, कापड गुंडाळलं, पान्यावर सगळं अंग टाकलं. सुटली तेव्हा दहा वाजले होते. नवं वायसर तेलात भिजवलेलं होतंच, ते बसवलं, आट्यांवर ताग आणि सफेदा, म्हणजे सांधा धरणारा पांढरा लेप, लावून तोटी कसली. आता पाणी सोडून पाहायचं. आणि इतक्या वर्षांचा हात, तो काय ऐकतो? पान्यानं पाइपावर दोन ठोके दिले.

दिले, आणि स्वतःच्याच वेडेपणावर त्यांना हसू आलं. वर कोण बसलंय तुह्या बापाचं, नत्थू?

टक. टक.

वरून दोन ठोके आले. मग पाइपात हवा गुरगुरली, तोटी खाकरली, आणि आधी लाल, मग पिवळं, मग स्वच्छ पाणी पडायला लागलं.

नत्थुजी उकिडवे बसले ते तसेच बसून राहिले. मग डोकं चालायला लागलं. जुना पाइप, पाच वर्षं कोरडा, ऊन लागलं की लोखंड वाजतं. पाण्याची धडकही बसते. आणि चावी आपण नीटशी बंदच केली नसेल. बरोबर. धापा टाकत वर गेले. गच्चीवर कावळासुद्धा नव्हता. चावी पुरती उघडी होती आणि तिचा दांडा ओला होता.

"मीच ठेवली उघडी," ते स्वतःशी मोठ्यानं म्हणाले, आणि बत्तीस पायऱ्या उतरले.

४

दुपारी जेवायला ते रोज घरी जायचे. चांगली अर्ध्या तासाची चाल, गुडघा ओढत. जयवंताबाई दाराला आतून अडसर लावून बसायच्या. दिसत नाही म्हटल्यावर काय करणार? कोण कुठला माणूस घरात शिरायचा. नत्थुजी दारावरची कडी वाजवायचे, दोन जवळजवळ आणि तिसरी दमून, उशिरानं. त्या वाजवण्यावर बाई अडसर काढायच्या. दुसऱ्या कुणी कितीही हाका मारल्या तरी नाही.

"आवाज देत जा ना जी," भाकर वाढताना त्या म्हणाल्या. "नुसती कडी वाजवता, जेवता, अन् जाता. मले तोंड त दिसत नाई तुमचं, आवाज त आयकू द्या."

"दमलो," नत्थुजी म्हणाले.

"मले मालूम हाय दमले ते. पर दिवाळीपासून पाहून राह्यली मी. घरात कोनी हाय का नाई, तेच समजत नाई मले. तुमचं तोंड कसं होतं तेबी इसरून चालली."

त्यांना सांगायचं होतं, रविवारी अकोल्याला जायचं आहे, साहेबांनी शब्द टाकला आहे, तुझे डोळे येतील. पण काम झालं नाही तर? उगाच आशा कशाला लावायची. ते चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, खाऊन उठले, मोरीत हात धुतला आणि निघाले. खरं सांगायचं तर बोलायला लागतं ते बळच अंगात उरलेलं नव्हतं. थकलेला माणूस आधी बोलणं सोडतो, आणि घरच्यांना ते सगळ्यात जास्त लागतं. नत्थुजींना हे कळत नव्हतं असं नाही. कळूनही होत नव्हतं.

५

गुरुवारी त्यांनी मुद्दाम दोनदा चावी तपासली. बंद. खाली आले, लाल तोटी खोलली, बसवली. पाना हातात धरून थोडा वेळ बसले. पुन्हा बत्तीस पायऱ्या चढायच्या? गुडघ्यात कुणी खिळा ठोकावा तसं दुखत होतं.

दोन ठोके दिले.

दोन ठोके आले. पाणी आलं.

भीती वाटली, नाही कशाला म्हणायचं. पण पाणी स्वच्छ होतं, तोटी गळत नव्हती, आणि चढायचं वाचलं होतं. त्यांनी एक ठोका दिला. एक परत आला आणि पाणी बंद झालं. कसं सांगावं, त्या क्षणी नत्थुजींना रडू येईल की काय असं झालं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हाताखाली होतं.

"कोन हाय ते असो बाप्पा," ते पुटपुटले. "शनवारपावतो साथ दे."

आणि साथ मिळाली. त्या दिवशी दोन दिवसांचं काम उरकलं. तोंड धुवायचं भांडं झालं, टबाचा निचरा मोकळा झाला. सकाळनंतर नत्थुजी एकदाही वर गेले नाहीत. वर जायचं नाही, हे त्यांनी ठरवलं नव्हतं, पण पाय तिकडे वळले नाहीत एवढं खरं.

तीनच्या सुमारास गोदावरीबाई न्हाणीघराच्या दाराशी आल्या आणि दचकल्या.

"अगंबाई! तुमी इथं? आत्ता तर गच्चीवर होते!"

"मी त इथंच हावो, बाई."

"असं कसं? मी अंगणातून पाह्यलं ना. टाकीला टेकून बसले होते, भर उन्हात, पाठमोरे. मी हाक मारली, नत्थुजी, पाणी पाठवू का म्हणून. उत्तरच नाही. म्हटलं, झापड लागली असेल." त्यांनी नत्थुजींच्या कोरड्या सदऱ्याकडे पाहिलं. "आणि तिथं तर ओलेचिंब दिसले."

"उतरलो मंग," नत्थुजी म्हणाले. खोटं बोलायचीही त्यांना तेवढीच ताकद होती.

बाई गेल्या. नत्थुजी पाइपाला पाठ टेकून बसले. भिंतीआड पाणी कुठंतरी थेंब-थेंब ठिबकत होतं. मग वरून, न विचारता, ठोके आले. दोन जवळजवळ, आणि तिसरा दमून, उशिरानं.

हे ठोके नत्थुजींनी पाइपावर कधीच दिले नव्हते. हे त्यांच्या घराच्या कडीचे होते.

दिले असतील, त्यांनी मनाला समजावलं. नकळत दिले असतील. हाताला सवय असते. दमलेल्या माणसाला आपण काय केलं ते कुठं आठवतं? त्यांनी हत्यारं झोळीत भरली आणि लवकर घरी गेले. त्या रात्री जयवंताबाईंशी ते दोन शब्द बोलणार होते, पण जेवता जेवताच डोळा लागला.

६

शुक्रवारी फक्त टबाचा शेवटचा सांधा राहिला होता. सकाळपासून वरचा माणूस आधीसारखाच चोख. एकाला एक, दोनाला दोन. बाराच्या सुमारास सांधा बसला, पण सफेदा ओला होता. तो धरेपर्यंत तासभर तरी हलता येणार नव्हतं. आज जेवायला उशीर. चालेल. संध्याकाळी काम संपवून साहेबांना सांगायचं, आणि मग घरी जाऊन जयवंताला. आज सांगायचंच. आज बोलायचं. या विचारानं नत्थुजींना पार मोकळं वाटलं.

आणि तिथंच चुकलं.

ऊन मी म्हणत होतं. टाकीच्या पत्र्यानं वर काय काहिली असेल हे त्यांना ठाऊक होतं, तिथं बसणाऱ्याचे लाल डोळे त्यांनी पाहिले होते. तीन दिवस कुणीतरी तिथं बसून त्यांचं काम करत होतं. त्याला एकदाही सुट्टी दिली नव्हती. आता हसाल तुम्ही, पण सव्वीस वर्षं ज्यानं हे पाळलं, त्याला ते लागतंच. कोण आहे ही गोष्ट वेगळी. उपाशी आहे ही वेगळी.

नत्थुजींनी पाना उचलला आणि चार सावकाश ठोके दिले. जा. जेवून ये.

परत ठोके आले नाहीत. मग लोखंडी जिना वाजला. वरून कुणीतरी उतरत होतं. डावा पाय टाकायचा, मग उजवा ओढत आणायचा, मग दम घ्यायचा. डावा, उजवा ओढून, दम. नत्थुजी ऐकत बसले. तसं उतरणारा माणूस त्यांना चांगला माहीत होता, तो म्हणजे ते स्वतःच.

पावलं मागच्या दाराशी आली. दाराखालच्या फटीत सावली पडली, आणि फटीतून पाण्याची एक बारीक धार आत आली. बाहेर वाहाणा घासल्याचा आवाज झाला, जशा पाय घालताना घासतात. मग पावलं अंगणातून फाटकाकडे गेली.

नत्थुजी उठलेच नाहीत. गेलं, बरं झालं, त्यांना वाटलं. साहेबांच्या घरातून बाहेर गेलं, आता मोकळं. ते सांध्यावर बोट ठेवून बसून राहिले. अर्धा तास, पाऊण तास. मग गोदावरीबाईंचा आवाज अंगणातून आला, त्या कुणालातरी सांगत होत्या, "नत्थुजी मघाच जेवायला गेले. रोज जातात ना घरी, त्यांच्या बाईला दिसत नाही बिचारीला."

नत्थुजींच्या हातातला पाना टबात पडला.

त्यांनी मागचं दार उघडलं. वाहाणा नव्हत्या. ओली पावलं अंगणात वाळत चालली होती.

७

अनवाणी, तापल्या सडकेवरून, गुडघा ओढत नत्थुजी पळाले. टांगेवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं, त्याला हात करायचंही सुचलं नाही. अडसर. अडसर काढू नको. कडीवर जाऊ नको, जयवंता, आवाज मागून घे. आज तरी मागून घे. पण तिला आवाज द्यायची सवय कुणी मोडली होती?

दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याशी वाहाणा नीट काढून ठेवल्या होत्या, ओल्या.

आत जयवंताबाई चुलीशी बसल्या होत्या. समोर रिकामी थाळी. भाकरीची टोपली रिकामी, चुनाची कढई खरवडून पुसलेली. बाईंच्या तोंडावर जे होतं ते नत्थुजींनी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं. त्या हसत होत्या. पाठीवरचं लुगडं ओलं झालं होतं, हाताच्या पंज्याएवढं.

मागे मोरीत पडद्याआड कुणीतरी गडूनं पाणी घेऊन हात धूत होतं. सावकाश, एकसारखं.

"सहा भाकरी खाल्ल्या आज," बाई मोरीकडे तोंड करून बोलत होत्या. "अन् न बोलता का होईना, पाठीवरून हात त फिरवला. हात केवढे गार पडले जी तुमचे. असंच पान्यात काम करून राह्यले त मरसान एखाद्या दिवशी. मले डोये नसले तरी चालन, आवो, पर तुमी असे घरात असले म्हंजे मले काईच नाई पाह्यजे."

नत्थुजींचा पाय उंबऱ्याला लागला. बाई थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"कोन हाय?"

काय काय बोलायचं होतं. रविवारी अकोला. डोळे. चुकलो मी, जयवंता. सहा महिन्यांत घशानं एवढं मोठं काही उचललं नव्हतं. जो आवाज निघाला तो फाटका, घोगरा, त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"जयवंता, मी हावो. नत्थू. इकडे ये. उठ, माह्याकडे ये."

बाई उठल्या. मागे सरकल्या. हातानं भिंत चाचपत मोरीच्या पडद्यापर्यंत गेल्या आणि पडदा घट्ट धरला.

"आवो," त्या आत तोंड करून दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाहेर या ना लवकर. दारात कोनीतरी उभं हाय, अन् तुमच्यासारखं बोलून राह्यलं."

मोरीतलं पाणी थांबलं.